शेतकरी घराण्याचा माग : जमिनीच्या नंबरावरून पूर्वजांपर्यंत

शेतकरी कुटुंबाचे पूर्वज शोधायला बसलेला माणूस बहुधा नावापासून सुरुवात करतो आणि तिसऱ्या पिढीवर अडतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे एकाच घरात भिवा, राघू, भिवा, राघू अशी नावे आलटून पालटून येतात, भावकीतल्या चुलत घरांतही तीच नावे असतात, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदांत आडनाव एक तर लिहिलेलेच नसते किंवा आज लावतो त्याहून निराळे असते. जमिनीचे तसे नाही. ती विकली गेली, तिच्या वाटण्या झाल्या, तिचे नंबर बदलले, तरी त्या प्रत्येक बदलाचा कागद कोठे ना कोठे झालेला असतो, कारण सरकारचा सारा त्याच कागदावर वसूल होत असे. म्हणून नवख्या शोधकाला माझे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सांगणे असे, की त्याने माणसाच्या नावामागे न धावता जमिनीच्या नंबराचा माग धरावा आणि प्रत्येक टप्प्यावर त्या नंबरापुढे कोणाचे नाव लागलेले आहे ते टिपून घ्यावे.

पुढील विवेचन मुख्यतः पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर, नाशिक अशा जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांना धरून आहे. मराठवाडा, विदर्भ आणि कोकण येथील दप्तरांची रचना वेगळी असल्याने त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

घरातील माहिती

कार्यालयाची पायरी चढण्यापूर्वी घरातील व भावकीतील सर्वांत वयस्कर माणसांजवळ बसावे, आणि हे काम लांबणीवर टाकू नये. एकाच बैठकीत सारे विचारून घेण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या भेटीत हललेल्या आठवणी दुसऱ्या भेटीत वर येतात. "पणजोबांचे नाव काय" या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर मिळत नाही, परंतु "ओढ्याकडचे वावर आपल्याकडे कोणाकडून आले", "विहीर कोणी पाडली", "थोरल्या आणि धाकट्या घराची वाटणी झाली तेव्हा माळाची पट्टी कोणाला गेली" असे विचारले की माणूस बोलता होतो आणि बोलण्याच्या ओघात नावे येतात. शेताची बोलीतील नावे अवश्य लिहून घ्यावीत. एखाद्या तुकड्याला घरात "इनाम", "पाटीलकी" किंवा परक्या आडनावाने ओळखले जात असेल तर तो पुढील शोधाचा धागा ठरतो.

सन विचारून उपयोग होत नाही, प्रसंग विचारावा. १९७२ चा दुष्काळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, त्यापूर्वी १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, जिला जुनी माणसे मानमोडी म्हणत, आणि १८९६ नंतरची प्लेगची वर्षे यांच्या आधी की नंतर, एवढे कळले तरी जन्ममृत्यूचा अंदाज बांधता येतो.

पितृपंधरवड्यातील म्हाळ कोणत्या तिथीला घातला जातो, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. घरातील म्हाळाची तिथी ही सामान्यतः त्या पूर्वजाची मृत्युतिथी असते. पुढे मृत्यूचे वर्ष कागदावरून समजले की नोंदीतील तारीख तिथीशी ताडून पाहता येते. एखाद्या स्त्रीचा म्हाळ अविधवा नवमीला घातला जात असेल तर ती नवऱ्याच्या आधी, सवाष्ण असताना वारली, हे कोणताही कागद न पाहता ठरते. त्याच बैठकीत कुलदैवत, देवक आणि मूळ गाव यांचीही नोंद घ्यावी. राहते गाव एकीकडे आणि कुळाचार दुसऱ्याच गावच्या दैवताचा असेल, तर घराणे केव्हातरी तिकडून आले असण्याची शक्यता तपासण्याजोगी असते.

घरातील पत्र्याच्या पेटीत खरेदीखते, साऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, जुनी शिधापत्रिका, लग्नपत्रिका असे जे काही असेल ते उलगडून त्याचे छायाचित्र घ्यावे. जुने कागद घडीवर तुटतात, म्हणून ते पुन्हा घडी न घालता सपाट ठेवावेत आणि चिकटपट्टी मुळीच लावू नये.

सातबारा आणि फेरफार

खरा शोध येथून सुरू होतो आणि बहुतेकांना तीन-चार पिढ्या येथेच मिळतात, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. प्रथम आजचा सातबारा व खात्याचा आठ-अ (एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा उतारा) महाभूलेख संकेतस्थळावरून काढावा. सातबारा हा गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा आहे. वरच्या भागात कब्जेदाराचे नाव व इतर हक्क असतात आणि खालच्या भागात पिकांची नोंद. संगणकीकृत उताऱ्यावर अलीकडचीच स्थिती दिसते, त्यामुळे त्याच गटाचे हस्तलिखित जुने सातबारे मागवावे लागतात. त्यांत प्रत्येक नावाजवळ वर्तुळात एक क्रमांक लिहिलेला असतो आणि कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो. वर्तुळातील तो क्रमांक फेरफाराचा असून शोधकाच्या दृष्टीने साऱ्या उताऱ्यात तोच सर्वांत मोलाचा आहे.

फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तो का झाला याचे कारण तीत लिहिलेले असते. वारसाच्या फेरफाराचा मजकूर साधारणतः असा असतो, की अमुक खातेदार अमुक तारखेस मयत झाला, त्याला अमुक मुलगे, मुली व बायको हे वारस आहेत, "सबब नोंद". एका नोंदीत मृत्यूची तारीख, बायकोचे नाव, मुलांचा क्रम आणि पुष्कळदा वयेही मिळतात. प्रत्येक फेरफारातून मागच्या खातेदाराचे नाव घ्यावे, त्याचे नाव ज्या फेरफाराने लागले तो क्रमांक शोधावा, आणि अशा रीतीने साखळीची एक एक कडी मागे सोडवत जावे. मधली कडी सापडत नसताना उडी मारून पुढे जाऊ नये. तशी उडी मारली की सारखी नावे असलेल्या भावकीत शोध हमखास भरकटतो.

या नोंदी वाचताना काही संक्षेप माहीत असावे लागतात. "ए. कु. क." म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. हे ज्याच्या नावापुढे आहे तो थोरला भाऊ असण्याचा संभव मोठा, आणि धाकट्या भावांची नावे त्या काळात उताऱ्यावर दिसत नसली तरी ते त्या घरात होतेच. पुढील एखाद्या वाटणीच्या फेरफारात ते एकदम प्रकट होतात. "अ. पा. क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा अल्पवयीन असताना बाप वारला, एवढे त्यातून कळतेच, शिवाय पालनकर्ती म्हणून आईचे नाव लिहिलेले असते. ज्या पणजीचे नाव घरात कोणालाच सांगता येत नव्हते ते पुष्कळदा या तीन अक्षरांपाशी सापडते. स्त्रीच्या नावापुढील "कोम" किंवा "भ्र." (भ्रतार) यांच्या मागून नवऱ्याचे नाव येते. पुरुषाच्या नावात "बिन" आले तर पुढचे नाव बापाचे असते: "राघू बिन भिवा". मराठवाडा-विदर्भात त्याच अर्थी "वल्द" आणि स्त्रीसाठी "जौजे" हे शब्द आढळतात.

आजचा गट नंबर आजोबांच्या काळी नव्हता, येथे अनेकांचा शोध थांबतो. जमीन तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ साली झाला आणि त्यानंतर निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या वर्षी एकत्रीकरण योजना लागू होऊन सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले. जुना सर्व्हे व हिस्सा नंबर कोणत्या गटात गेला हे एकत्रीकरणाच्या पत्रकात मिळते. ते तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मागावे. ज्या गावांत ही योजना झालीच नाही तेथे सर्व्हे नंबर आजही चालू आहेत आणि काम सोपे आहे.

१ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतरच्या नोंदींकडेही लक्ष द्यावे. कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याची तरतूद त्या दिवसापासून अमलात आली, त्यामुळे आपल्या घराण्याचे नाव उताऱ्यावर पहिल्यांदा त्यानंतर लागलेले दिसले तर त्यापूर्वीचा शोध मालकाच्या रकान्यात न करता कुळाच्या नोंदींत करावा लागतो. उलटपक्षी, पूर्वी असलेले नाव तेव्हा कमी झालेले दिसेल तर आपले पूर्वज ती जमीन स्वतः कसत नव्हते. दोन्ही गोष्टी जशा असतील तशा लिहून ठेवाव्यात.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि पुढील काळात गावोगाव हक्कनोंदीची पत्रके तयार झाली. फेरफारांची साखळी तेथवर नेता येते. विशेषतः १९१८-१९ च्या सुमाराचे फेरफार सलग वाचावेत. एकाच घरातील दोन-तीन माणसांच्या वारसनोंदी पाठोपाठ आलेल्या आढळल्या तर साथीने घर बसल्याची ती खूण असू शकते, आणि त्यामुळेच मधली पिढी घरच्या आठवणीतून नाहीशी झालेली असते.

नकला कशा मागाव्यात

अलीकडचे फेरफार तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे असतात. जुनी बाडे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गेलेली असतात. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर, फेरफार क्रमांक आणि वर्षांची मर्यादा स्पष्ट लिहावी. "आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद मिळावेत" असा अर्ज कोणताही कारकून हाताळू शकत नाही, तर "मौजे अमुक येथील स. नं. ४२ चे १९३० ते १९५५ या काळातील सातबारा व त्यांवरील फेरफार" असा अर्ज त्याला लगेच समजतो. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन "आपले अभिलेख" या शासकीय संकेतस्थळावर आले आहेत, म्हणून फेरी मारण्याआधी तेथे पाहावे.

अर्जावर उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो. त्याचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. "अभिलेख आढळून येत नाही" एवढ्या उत्तराने खचून जाऊ नये. त्या गावाच्या उपलब्ध बाडांची सूची मागावी आणि स्वतः पाहणी करण्याची परवानगी घ्यावी. मला जे बाड गहाळ असल्याचे एका कार्यालयात सांगण्यात आले होते, ते पुढच्या वर्षी शेजारच्या, सारख्या नावाच्या गावाच्या गठ्ठ्यात मिळाले. बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावे असतील तेथे दोन्हींचे गठ्ठे पाहावेत.

जन्म, मृत्यू आणि शाळा

जमिनीच्या साखळीला दुसऱ्या बाजूने आधार हवा असतो. तो देणारी पहिली नोंदवही म्हणजे गाव नमुना १४, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वीच्या गावपातळीवरील नोंदी या बुकात असतात आणि ती बुके बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव नसणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण बारशाच्या आधीच कोतवालाने वर्दी दिलेली असे. तेथे बापाचे नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच पाहावे. जात, गाव आणि मृत्यूचे कारणही या बुकांत पुष्कळदा असते. मृत्युसमयीचे वय मात्र अंदाजाने लिहिलेले असते. "६०" किंवा "७०" असे गोल आकडे शब्दशः खरे मानू नयेत.

दुसरी नोंदवही शाळेची. गावच्या जिल्हा परिषद शाळेतील जनरल रजिस्टर, म्हणजेच प्रवेश-निर्गम नोंदवही, जिल्हा परिषदा १९६२ साली स्थापन होण्यापूर्वीच्या लोकल बोर्डाच्या काळातील असू शकते. विदर्भात तिला दाखल-खारीज म्हणतात. तीत मुलाचे व बापाचे नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याची तारीख असते. १ जून ही जन्मतारीख गुरुजींनी शाळाप्रवेशासाठी लिहिलेली असण्याचा संभव फार मोठा, म्हणून वर्षाचा उपयोग करावा, दिवसाचा करू नये. मुख्याध्यापकांची वेळ घेऊन, सुट्टीच्या किंवा परीक्षेच्या गर्दीत न जाता ही नोंदवही पाहावी.

१९५१ च्या जनगणनेच्या वेळी तयार झालेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर ज्या गावाचे उपलब्ध असेल तेथे ते अवश्य पाहावे, कारण त्यात माणसे घरवार येतात.

एकोणिसाव्या शतकात

हक्कनोंदीच्या मागे जायचे तर भूमी अभिलेख कार्यालयातील मोजणीची जुनी कागदपत्रे उघडावी लागतात. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जी मोजणीची पद्धत सुरू केली तीच पुढे इलाखाभर पसरली. आकार, म्हणजे जमिनीवरील साऱ्याची रक्कम, ३० वर्षांसाठी ठरत असल्याने त्यानंतर फेरमोजणी होई. म्हणून एकाच शेताच्या मूळ मोजणीच्या आणि फेरमोजणीच्या अशा दोन वेळच्या नोंदी मिळू शकतात, आणि त्यांत साधारण एका पिढीचे अंतर असते. प्रतिबुक, शेतवार पत्रक, सूड, फैसल पत्रक, फाळणी अशी या कागदांची नावे आहेत. शोधकाला शेतवार पत्रक व सूड यांचा उपयोग अधिक, कारण नंबरापुढे खातेदाराचे नाव तेथे असते. मूळ मोजणीचा नंबर फेरमोजणीत बदललेला असू शकतो. जुना व नवा असे दोन्ही रकाने वाचून जोड लावावी आणि शंका राहिली तर गावाच्या नकाशावर ओढा, रस्ता व शिव यांच्यावरून शेत ओळखावे.

येथे लिपी आडवी येते, कारण यांतील बरेचसे लेखन मोडीत आहे. मोडी शिकायला वाटते तितकी अवघड नाही. शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत गेल्यामुळे शब्द तुटक दिसत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, या दोन गोष्टींची सवय व्हायला वेळ लागतो. महसुली पत्रकांत मात्र तेच तेच शब्द पुन्हा येत असल्याने गावाचे नाव, "बिन", "कुणबी", "एकर", "गुंठे", "आकार" एवढी अक्षरचित्रे डोळ्यांत बसली की रकाने वाचता येऊ लागतात. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. वाचून घेण्यासाठी जाणकार नेमला तरी स्वतः थोडे शिकावे. आपल्या गावातील नावे आपल्याइतकी बाहेरच्या वाचकाला ओळखीची नसतात आणि "राघू" चे "बाळू" होऊन बसते.

कालगणनेचे गणितही येथेच लागते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवावेत. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. त्यात ५९९ मिळवावेत, आणि हे वर्ष मृग नक्षत्री, जूनच्या आरंभी पालटत असल्याने जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांना ६०० मिळवावेत. उदाहरणार्थ, "सीत अशर मयातैन व अलफ" म्हणजे सहा, दहा, दोनशे आणि हजार, अर्थात १२१६. त्याचा इसवी सन १८१५-१६.

पेशवेकालीन कागद पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तरात, तर करवीर संस्थानचे कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत. रुमालात बांधलेले हे कागद प्रांत, तालुका व गाव यांच्यानुसार मागावे लागतात. सामान्य शेतकऱ्याचे नाव मिळण्याची शक्यता थळझाडे (शेतवार याद्या), कुळझाडे (खातेदारवार याद्या) आणि लावणीपत्रके यांत असते. घराणे मिराशी, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेले, असेल तर त्याचे नाव थळाला चिकटलेले दिसते. उपरी, म्हणजे असा हक्क नसलेले, असेल तर ते एखाद्या वर्षी येते आणि पुढे नाहीसे होते. पाटीलकीचा किंवा अन्य वतनाचा वाद झाला असेल तर महजर (पंचांसमोरील निवाड्याचा कागद) व करीना पाहावेत. वादी आपल्या घराण्याची हकीकत मूळ पुरुषापासून करीन्यात सांगतो, त्यामुळे एका कागदात पाच-सहा पिढ्या मिळतात. पण ती हकीकत हक्क सांगण्यासाठी लिहिलेली आहे हे विसरू नये, आणि विरुद्ध पक्षाचा करीनाही वाचल्याशिवाय तीवरून वंशावळ मांडू नये.

मराठवाडा, विदर्भ, कोकण

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तेथील जुन्या कागदांत उर्दू व मोडी दोन्ही भेटतात. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही आणि हक्कनोंदीचे नमुने हे तेथील मुख्य आधार होत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे महसूल, शिक्षण, कारागृह, उत्पादन शुल्क अशा अनेक खात्यांची बाडे उघडली गेली आणि त्यांतील नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्या गाववार लावलेल्या असतील तेथे हेतू केवळ वंशावळीचा असला तरी जरूर पाहाव्यात.

विदर्भाचे दोन भाग करावेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या वऱ्हाडातील जिल्ह्यांत रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला देई, तर नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या बाजूस मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजार भरी. मालगुजारी गावात मिसल बंदोबस्त (जुन्या जमीन-आकारणीचे दप्तर) व त्यानंतर १९५४-५५ च्या सुमाराचे अधिकार अभिलेख मागावेत; रयतेची नावे तेथे मालगुजाराच्या गावाखाली येतात.

कोकणात खोती गावे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यातील गावे, असल्याने कसणाऱ्याचे नाव खोताच्या खात्याआड दडलेले असते. जमिनीचे तुकडे लहान व हिस्से अनेक असतात आणि आडनावाऐवजी वाडीवरून घर ओळखावे लागते. वाडीचे नाव पहिल्या दिवसापासून प्रत्येक टिपणावर लिहावे.

जमीन नव्हती त्या घरांविषयी

शेतात राबलेल्या प्रत्येक घराच्या नावावर शेत नव्हते. सालगडी, खंडकरी, मजूर आणि बलुतेदार यांच्याबाबत सातबारा मूक असतो, आणि म्हणून त्यांचा इतिहास नाही असे समजणे अन्यायाचे आहे. अशा घरांनी कोतवाल बुक, शाळेची नोंदवही, १९५१ चे रजिस्टर आणि इतर हक्कांतील कुळाच्या नोंदी यांच्यावर भर द्यावा. महार, रामोशी इत्यादी वतनांच्या जमिनींची पत्रके वेगळी असून त्यांत वतनदारांची नावे तक्षीमवार, म्हणजे हिश्श्यांनुसार, मिळतात. ही वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा जमिनी पुन्हा देण्याचे जे फेरफार झाले ते पाहिले तर मागील पिढ्यांचा दुवा सापडतो.

वह्या राखणारे

दक्षिण महाराष्ट्रात नंदीबैल घेऊन येणारे हेळवी ठरलेल्या घरांच्या पिढ्या सांगतात आणि त्यांच्याकडे वह्या असतात. सुगीनंतर ते येत असल्यास गावात आधी सांगून ठेवावे, त्यांचा मानाचा शेर-पायली धान्याचा हक्क द्यावा आणि त्यांच्या संमतीने सांगणे ध्वनिमुद्रित करावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यांकडे गावाच्या किंवा तालुक्याच्या नावाने वह्या असतात. अस्थिविसर्जनाला किंवा वारीला गेलेल्या पूर्वजाने तेथे स्वतःसह भावांची व मुलांची नावे लिहवून घेतलेली असू शकतात. आपल्या तालुक्याचे उपाध्ये कोण, हे गावातील ज्या घरात अलीकडे क्रियाकर्म झाले आहे त्यांना विचारले की कळते. या नावांना तारखेचा आधार असेल तर त्यांचे मोल जमिनीच्या नोंदीइतकेच मानावे. तारीख नसेल तर ती दिशा दाखवणारी समजून कागदाने पडताळावीत.

एकच माणूस की दोन

दोन कागदांतील "राघू भिवा" एकच आहे हे ठरवताना किमान तीन गोष्टी जुळाव्यात: गाव, जमिनीचा नंबर, आणि बायको, भाऊ किंवा मुलगा यांपैकी एक नाव. नाव आणि गाव एवढेच जुळत असेल तर जोड पेन्सिलने काढावी. दोन पिढ्यांत साधारण २५ ते ३० वर्षांचे अंतर पडते. आपल्या वंशावळीत बाप आणि मुलगा यांच्यात ५५ वर्षांचे अंतर येत असेल तर मधला एक माणूस सुटल्याची शक्यता आधी तपासावी. दत्तक हेही गोंधळाचे मोठे कारण आहे, कारण दत्तक गेलेला मुलगा एका घरातून नाहीसा होतो आणि दुसऱ्या घरात बापाचे नाव बदलून उगवतो. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले, तो कागद कोठे आहे आणि कोणत्या दिवशी पाहिला, हे लिहावे. पुढे एखादी कडी चुकीची ठरली तर संपूर्ण वंशावळ न मोडता तेवढीच दुरुस्त करता येते.

लेकी आणि सुना

आपल्याकडील बहुतेक छापील वंशावळींत केवळ पुरुष आहेत. याचे खापर कागदांवर फोडता येणार नाही, कारण शोधणाऱ्याने विचारले तर कागद बायकांविषयीही बोलतात. विधवेचे नाव वारसाच्या फेरफारात येते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारसांत लागू लागली आणि सासरच्या नावाने लागल्यामुळे त्या कोठे दिल्या हेही समजते. त्याहून तपशीलवार कागद म्हणजे हक्कसोडपत्र. बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडताना प्रत्येकीचे नाव, वय, नवऱ्याचे नाव आणि सासरचे गाव दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले असते, आणि तेथील सूची क्रमांक २ मध्ये गावाच्या व नावाच्या आधारे तो दस्त शोधता येतो. ज्या कागदाने तिचा जमिनीवरचा हक्क संपला त्याच कागदात तिची सर्वांत पूर्ण ओळख राहिली आहे, हे पाहताना मन जड होते. ती ओळख वंशावळीत भावांच्या शेजारी, त्याच ओळीत लिहावी.

आजीची बाजू शोधायची तर तिच्या माहेरच्या गावी हाच क्रम पुन्हा आरंभावा: तिच्या भावाच्या नावाचा सातबारा काढावा, त्यावरील वर्तुळातील फेरफार क्रमांक घ्यावा, आणि तिचे वडील वारले त्या वेळची वारसनोंद मागवावी. ते साल १९५६ नंतरचे असेल तर भावांच्या खाली तिचे नाव आहे का ते पाहावे. आधीचे असेल तर बहुधा नसेल, आणि मग त्या गावच्या कोतवाल बुकात तिच्या वडिलांच्या नावापुढे "मुलगी" एवढाच शब्द असलेली तिच्या जन्मसालच्या आसपासची नोंद शोधावी.